मेडलाइनचं इंडेक्सिंग यंत्राकडे गेलं तेव्हा

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने मेडलाइन या आपल्या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत येणाऱ्या शोधनिबंधांना विषयशीर्षकं लावण्याचं, म्हणजे इंडेक्सिंगचं, काम पूर्णपणे संगणकावर सोपवलं. त्याआधी कितीतरी दशकं हे काम प्रशिक्षित माणसं करत आली होती. मेडलाइनमध्ये शोध घ्यायचं संकेतस्थळ म्हणजे पबमेड. त्याच्या पडद्यावर मात्र काहीच बदललं नाही. शोधाची चौकट तीच, निकालांची यादी तशीच, निबंधाखालची शीर्षकंही पूर्वीसारखीच दिसतात. त्यामुळे आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रोज पबमेड उघडणाऱ्या बहुतेकांना हा बदल झाल्याचा पत्ताही नाही.

प्रबंधासाठी संदर्भ शोधायला येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शोध कसा घ्यायचा हे शिकवणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडावंसं वाटलं. माणसाचं इंडेक्सिंग चांगलं की यंत्राचं, असं आम्हाला नेहमी विचारतात. सरासरी काढली तर यंत्र आता फार मागे नाही, हे मान्य करायला हवं. पण सरासरी जवळ आली म्हणून हरवणारे निबंध तेच राहतात असं नाही. माणसाच्या हातून जे सुटतं आणि यंत्राच्या हातून जे सुटतं, त्यांची जातकुळी वेगळी. या प्रकरणात पाहायचं ते हे, की कुणाचे निबंध सुटतात आणि ते सुटल्याचं शोधणाऱ्याला कळतं का.

इंडेक्सर काय करायचा

१८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केलं. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतले लेख विषयवार लावून देणारी ही छापील सूची. १९६० मध्ये तिच्यासाठी ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’, म्हणजे आजचं मेश, ही विषयशीर्षकांची अधिकृत यादी आली. १९६४ मध्ये मेडलार्स नावाची संगणकीय व्यवस्था उभी राहिली, १९७१ मध्ये तिचं ऑनलाइन रूप मेडलाइन आलं आणि १९९७ पासून पबमेडमधून ते सगळ्या जगाला फुकट मिळू लागलं. छापील सूची २००४ च्या अखेरीस बंद झाली. साधनं अशी बदलत गेली, तरी निबंध वाचून शीर्षकं ठरवणारा माणूस जागेवर होता.

हा माणूस बहुधा जीवशास्त्र किंवा वैद्यकाशी संबंधित विषयाचा पदवीधर. त्याला शिकवलेली पद्धत ठाशीव होती. शीर्षक वाचायचं, प्रस्तावनेतून लेखकाचा हेतू समजून घ्यायचा, मग पद्धती, तक्ते, आकृत्या, निष्कर्ष यांवरून नजर फिरवायची. गोषवाऱ्यावर विसंबून शीर्षकं द्यायची नाहीत, हा नियम होता, कारण गोषवाऱ्यात लेखक आपल्याला ठसवायचं तेवढंच लिहितो. एका निबंधाला साधारण दहा-पंधरा शीर्षकं मिळत, त्यांतल्या मुख्य दोन-चारांवर तारांकन. दुसरा पक्का नियम असा, की असेल तितकं नेमकं शीर्षक द्यायचं. निबंध फुप्फुसात पाणी साठण्याबद्दल असेल तर ‘फुप्फुसांचे विकार’ असं मोघम लिहून चालत नसे.

याशिवाय प्रत्येक निबंधाला न चुकता तपासायच्या खुणा असत. अभ्यास माणसांवर आहे की प्राण्यांवर, स्त्री की पुरुष, कोणता वयोगट. या खुणा दिसायला क्षुल्लक आहेत, पण पुढच्या सगळ्या गाळण्या, म्हणजे नको ते निकाल वगळणाऱ्या अटी, त्यांच्यावर चालतात. त्या बहुतेक वेळा पद्धतींच्या विभागात, रुग्णांच्या तक्त्यात सापडतात.

मेशची खरी ताकद त्याच्या झाडासारख्या मांडणीत आहे. वरचं शीर्षक मागितलं की खालच्या सगळ्या फांद्या आपोआप येतात. शोधणारा ‘हार्ट अटॅक’ टाइप करतो, पबमेड पडद्याआड त्याचं ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ करून घेतं. म्हणजे मेश हा शब्द कधी कानावर न पडलेला डॉक्टरही मेश वापरतच असतो.

महाडचं एक पत्र

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक खरा कागद घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम मराठी वाचकांना माहीत आहे. कोकणातल्या लाल विंचवाचं विष शरीरातल्या स्वायत्त चेतासंस्थेत असं वादळ उठवतं, की रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्या काळी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध यावर लागू पडतं, हे त्यांनी महाडसारख्या ठिकाणी रुग्णांच्या उशाशी बसून दाखवलं. १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं याविषयीचं पत्र छापून आलं. शीर्षक असं : ‘प्राझोसिन इन मॅनेजमेंट ऑफ कार्डिओव्हॅस्क्युलर मॅनिफेस्टेशन्स ऑफ स्कॉर्पियन स्टिंग’. तालुक्याच्या गावातून आलेलं दीड-दोन पानी पत्र, आणि विंचूदंशाच्या उपचाराची दिशा त्यातून बदलली.

आता हे पत्र शोधायचं कसं, ते बघा. त्या विंचवाचं शास्त्रीय नाव एकेकाळी ‘बुथस टॅम्युलस’ होतं, पुढे ‘मेसोबुथस टॅम्युलस’ झालं आणि अलीकडे ‘हॉटेनटॉटा टॅम्युलस’ म्हणतात. फुप्फुसातल्या पाण्याला भारतीय लेखक ब्रिटिश वर्तनी वापरतात, तिच्या सुरुवातीला अमेरिकन वर्तनीपेक्षा एक अक्षर जास्त. कुणी ‘स्टिंग’ लिहितो, कुणी ‘एनव्हेनोमेशन’, कुणी ‘पॉयझनिंग’. नुसते शब्द जुळवून शोधणाऱ्याला हे सगळे पर्याय आधीच सुचले पाहिजेत. इंडेक्सरने ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’, ‘प्राझोसिन’, ‘पल्मनरी इडिमा’ अशी शीर्षकं लावून ठेवली, की चाळीस वर्षांची नामांतरं आणि वर्तन्या एका जागी येतात. माणसाने केलेल्या इंडेक्सिंगची सगळ्यांत मोठी कमाई मला हीच वाटते. जुना आणि नवा, लंडनचा आणि महाडचा लेखक एकाच खुंटीवर भेटतात.

असंच पत्र आज आलं तर? संपादकाला लिहिलेल्या पत्राला गोषवारा नसतो. यंत्र बघतं ते शीर्षक आणि गोषवारा. मजकुराच्या आत शिरत नाही. म्हणजे त्याच्या हाती उरलं फक्त शीर्षक. त्यातून औषध कळेल, विंचूदंश कळेल, हृदयाशी संबंध आहे एवढंही कळेल. पण रुग्णांत मुलं किती, विंचू कोणत्या जातीचा, फुप्फुसात पाणी किती जणांच्या झालं, अभ्यास भारतातला आहे का, यातलं काहीच शीर्षकात नाही. इंडेक्सरला ते मजकूर चाळून काही मिनिटांत दिसलं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. विंचू हा प्राणी. त्यामुळे विंचूदंशाच्या निबंधाला ‘ॲनिमल्स’ ही खूण लागते, आणि रुग्ण माणसं असल्यामुळे ‘ह्यूमन्स’ही लागायला हवी. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे काढणाऱ्या कोक्रेन या संस्थेचे लोक यादृच्छिक चाचण्या (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून केलेल्या) शोधण्यासाठी जी प्रसिद्ध गाळणी वापरतात, तिचा शेवटचा टप्पा असा आहे, की ‘ॲनिमल्स’ आहे पण ‘ह्यूमन्स’ नाही, असे सगळे निबंध काढून टाकायचे. उंदरांवरचे प्रयोग वगळण्यासाठी ही युक्ती उत्तम. पण यंत्राने विंचू पाहून एक खूण लावली आणि रुग्णांचा उल्लेख न सापडल्याने दुसरी लावली नाही, तर माणसांवर केलेला अभ्यास उंदरांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि गाळला जातो. सर्पदंश, कुत्रा चावणं, प्राण्यांकडून येणारे ताप, सगळीकडे हाच धोका. हे दरवेळी घडतं असं मी म्हणत नाही. आधीच्या विंचूदंशाच्या निबंधांवरून शिकलेलं यंत्र ‘ह्यूमन्स’ही लावेल, पुष्कळदा लावतंही. पण ते अंदाजाने लावतं. इंडेक्सरने मजकुरातला रुग्ण पाहिलेला असे.

बावस्करांची २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी मात्र यंत्राच्या हातून सुटणं अवघड. तिच्या लांबलचक शीर्षकातच विंचवाचं शास्त्रीय नाव आहे, प्रतिविष आहे, प्राझोसिन आहे आणि ही यादृच्छिक चाचणी असल्याचाही उल्लेख आहे. शिवाय व्यवस्थित विभागलेला गोषवारा आहे. तोच लेखक, तेच गाव, तोच विषय. मोठ्या नियतकालिकाच्या शिस्तीत बसवलेला निबंध यंत्राला वाचता येतो आणि दवाखान्यातून घाईने पाठवलेलं पत्र अर्धंच कळतं.

पण माणसाचं काम तरी किती चोख होतं?

इथवर वाचून इंडेक्सरची बाजू सहज जिंकल्यासारखी वाटेल. तसं नाही, आणि हे सांगणारे आकडे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननेच गोळा करवून घेतले होते.

१९६६-६७ मध्ये एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी मेडलार्सची झडती घेतली. खऱ्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी विचारलेले सुमारे ३०० खरे प्रश्न घेऊन त्यांनी तपासलं, की संग्रहात असलेल्या उपयुक्त निबंधांपैकी किती हाती लागतात आणि हाती लागलेल्यांपैकी किती कामाचे निघतात. उत्तरं आली अनुक्रमे सुमारे ५८ आणि ५० टक्के. म्हणजे दर पाच उपयुक्त निबंधांतले दोन सापडतच नव्हते. लँकेस्टर यांनी प्रत्येक अपयशाचं कारण शोधलं, आणि न सापडलेल्या निबंधांत एक तृतीयांशाहून जास्त वेळा दोष इंडेक्सिंगचा निघाला. निबंधात मुद्दा होता, इंडेक्सरने त्याला शीर्षकच दिलं नव्हतं. त्या काळी काही नियतकालिकांचं इंडेक्सिंग सखोल आणि काहींचं वरवरचं करायची रीत होती. वरवर हाताळलेले निबंध साहजिकच जास्त हरवत.

१९८३ मध्ये मार्क फंक आणि कॅरोलिन रीड यांनी आणखी एक सुंदर संधी साधली. मेडलाइनमध्ये चुकून दोनदा इंडेक्स झालेले ७६० निबंध त्यांना मिळाले. एकच निबंध, दोन वेगळे इंडेक्सर, दोघांनाही दुसऱ्याची कल्पना नाही. मुख्य विषयांच्या शीर्षकांबाबत दोघांचं एकमत ६१ टक्के होतं, सगळी शीर्षकं धरली तर ४८ टक्के, आणि शीर्षक-उपशीर्षकाच्या जोड्यांवर आलं तर ३४ टक्क्यांच्या आसपास. वय-लिंग-माणूस-प्राणी या खुणांवर मात्र जवळपास ७५ टक्के.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. विषय कोणता, यावर दोन जाणती माणसं निम्म्याच वेळा जुळतात, कारण ते मत आहे. रुग्ण स्त्री की पुरुष, यावर ती जास्त जुळतात, कारण ते मजकुरात लिहिलेलं असतं. यंत्राची नेमकी उलटी अडचण होते. विषय त्याला गोषवाऱ्यातून बऱ्यापैकी कळतो, पण साध्या वाटणाऱ्या खुणा पद्धतींच्या विभागात दडलेल्या असतात आणि तिथे ते जात नाही. म्हणूनच ‘यंत्र माणसाशी अमुक टक्के जुळतं’ असे जे दावे वाचायला मिळतात, ते मी जपून वाचते. माणूसच माणसाशी निम्मा जुळतो, तर त्या मोजपट्टीवर यंत्राला किती गुण द्यायचे?

यंत्र इथवर कसं आलं

माणूस विरुद्ध यंत्र ही तुलना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या कॉलेज ऑफ एरोनॉटिक्सचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५०-६० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांनी तिला पाया दिला. पहिल्या प्रयोगात १८,००० कागदपत्रांवर चार पद्धती एकमेकींसमोर उभ्या केल्या होत्या. त्यांतली एक पैलूवार वर्गीकरणाची (विषय सुट्या पैलूंत मोडून लावण्याची), म्हणजे आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या विचारातून आलेली. दुसऱ्या प्रयोगात १,४०० निबंध घेऊन तीसहून जास्त प्रकारच्या निर्देशभाषा, म्हणजे निबंधाचा विषय शब्दांत नोंदवायच्या पद्धती, तपासल्या. सगळ्यांत सरस ठरले ते निबंधातून जसेच्या तसे उचललेले सुटे शब्द. खुद्द क्लेव्हरडन चकित झाले. मेहनतीने बांधलेल्या वर्गीकरणांपेक्षा साधे शब्द चांगले, हे ग्रंथपालांना पचायला जड गेलं.

मग कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांनी आपली स्मार्ट ही व्यवस्था थेट मेडलार्ससमोर उभी केली. १९६९ च्या तुलनेत लँकेस्टर यांच्या चाचणीतलेच १८ प्रश्न आणि २७३ निबंध घेतले होते. नुसत्या गोषवाऱ्यातल्या शब्दांना वजन देऊन क्रम लावणारं यंत्र माणसाने केलेल्या इंडेक्सिंगच्या जवळपास पोचतं, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पण २७३ निबंधांच्या ढिगातून शोधणं आणि लाखोंच्या साठ्यातून शोधणं यांत फरक आहेच. छोट्या ढिगात एकच शब्द दोन अर्थांनी येण्याचे प्रसंग कमी, आणि लेखकही बहुधा एका वर्तुळातले. त्या आकड्यांवरून मेडलाइनसारख्या साठ्याबद्दल फार पुढचं बोलू नये, असं माझं मत आहे.

मेडलाइनमध्ये यंत्र शिरलं ते हळूहळू. २००२ पासून ‘मेडिकल टेक्स्ट इंडेक्सर’ इंडेक्सरला शीर्षकं सुचवू लागलं. घ्यायची की टाकायची, ते माणूस ठरवायचा. त्याच्या दोन वाटा होत्या. एक, शीर्षक-गोषवाऱ्यातले शब्द वैद्यकीय संकल्पनांच्या मोठ्या कोशाशी जुळवायचे. दुसरी, आधी इंडेक्स झालेले मिळतेजुळते निबंध शोधायचे आणि त्यांना जी शीर्षकं लागली आहेत ती उसनी घ्यायची. दुसरी वाट फार परिणामकारक ठरली. २०११ पासून काही निवडक नियतकालिकांत यंत्राचीच शीर्षकं पहिला मसुदा म्हणून धरली जाऊ लागली आणि माणूस तपासणीपुरता उरला. २०२२ मध्ये सगळंच स्वयंचलित झालं. २०२४ मध्ये जुनं यंत्र जाऊन न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांतून शिकणाऱ्या गणिती जाळ्यावर) चालणारं नवं आलं. माणसं पूर्ण गेलेली नाहीत. निवडक निबंध ती अजून तपासतात, त्यांतही जनुकं, प्रथिनं आणि रसायनं यांच्याकडे जास्त लक्ष असतं.

ग्रंथालयाने हे का केलं, हे समजून घ्यायला हवं. वर्षाला दहा लाखांच्या घरात निबंध येतात. माणसाच्या हातून शीर्षकं लागायला आठवडे, कधी महिने जात. यंत्र तेच काम २४ तासांत उरकतं. कोविडच्या दिवसांत हा उशीर किती महाग पडला असता, याची कल्पना कुणीही करू शकेल. शीर्षकाविना पडून राहिलेला निबंध मेशवरून शोधणाऱ्याला नसल्यासारखाच. म्हणून उशीर हाही न सापडण्याचाच एक प्रकार धरला पाहिजे, आणि त्या खात्यात यंत्राची बाजू निर्विवाद भारी आहे.

कोण हरवतं

माणसाच्या चुका विखुरलेल्या असत. एका इंडेक्सरकडून एका दुपारी मुलांचा वयोगट टाकायचा राहिला, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी तो बरोबर टाकला. नुकसान व्हायचं, पण ते सगळीकडे थोडं थोडं. यंत्र चुकलं की त्याच कारणाने, त्याच तऱ्हेच्या प्रत्येक निबंधात चुकतं. यात एक सोय आहे. चूक सापडली तर एका दुरुस्तीत सगळ्या ठिकाणी सुधारता येते, जे शेकडो माणसांच्या बाबतीत कधीच जमलं नसतं. पण ती सापडेपर्यंत निबंधांचा एक अख्खा वर्ग अंधारात असतो, आणि सरासरी आकड्यांत तो दिसतही नाही.

हे वर्ग कोणते, ते वरच्या कार्यपद्धतीवरून सांगता येतं.

पहिला अर्थात गोषवारा नसलेल्या लिखाणाचा : पत्रं, छोटी टिपणं, आणि नियतकालिक गोषवारा छापत नसेल तर अख्खे निबंधसुद्धा. दुसरा वर्ग स्थळाशी बांधलेल्या अभ्यासांचा. सिंधुदुर्गातल्या माकडतापावर कुणी लिहिलं, तर गोषवाऱ्यात ‘ग्रामीण भाग’, ‘जिल्हा रुग्णालय’ एवढंच येऊ शकतं. देशाचं नाव लेखकाच्या पत्त्यात आणि पद्धतींत. अमेरिकन किंवा युरोपीय लेखकाचंही असंच होतं, पण त्यांच्या वाचकाला स्थळाची गाळणी क्वचितच लागते. आपल्याला ती सतत लागते. भारतातले सगळे अभ्यास हवेत, असा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रबंधात असतो.

तिसरा वर्ग नव्या विषयांचा. मेशमध्ये दरवर्षी नवी शीर्षकं येतात. इंडेक्सरला नव्या शीर्षकाची व्याख्या वाचायला दिली की तो ते लावू शकतो. उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राला मात्र त्या शीर्षकाखालचे निबंध आधी पाहिलेले असावे लागतात, आणि नव्या शीर्षकाचे निबंध आधी नसतातच. दुर्मीळ आजारांचंही तेच. वर्षाकाठी मोजकेच निबंध येणाऱ्या शीर्षकावर यंत्राचा हात बसत नाही. चौथा वर्ग एकच नाव दोन ठिकाणी असल्याचा. ‘हेजहॉग’ हे काटेरी प्राण्याचं नाव आहे आणि एका प्रथिनसमूहाचंही. मेशमध्ये दोघांना वेगळी शीर्षकं आहेत. जनुकांना चमत्कारिक नावं द्यायची फळमाश्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची जुनी सवय, त्यामुळे असे सापळे भरपूर आहेत. इथे ग्रंथालयाने माणसं ठेवली आहेत, ते योग्यच केलं.

हे सगळ्यांनाच सारखं भोवतं असंही नाही. रात्री दोन वाजता विंचू चावलेलं मूल समोर आलेल्या डॉक्टरला एक चांगला, ताजा निबंध पुरतो. पबमेडचा उपयुक्ततेप्रमाणे लावलेला क्रम त्याला तो पहिल्या पानावर देतो, तिथे मेश बिनचूक आहे की नाही याने फारसं बिघडत नाही. सॉल्टन यांची बाजू या वाचकापुरती पूर्ण खरी आहे. पण एखाद्या औषधाबद्दल झालेल्या सगळ्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढणाऱ्याला एकेक निबंध मोलाचा. सुटलेला निबंध त्याच्या निष्कर्षाला एका बाजूला ओढतो, आणि काय सुटलं ते त्याला कळायला मार्ग नसतो. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये एका मोठ्या खटल्याच्या सुमारे ४०,००० कागदपत्रांवर हेच दाखवलं होतं. संपूर्ण मजकुरात शब्दांनी शोध घेणाऱ्या वकिलांची खात्री होती, की तीन चतुर्थांश उपयुक्त कागद हाती आलेत. प्रत्यक्षात पाचवा हिस्साच आला होता. ते वैज्ञानिक कागद नव्हते, पण शोधणाऱ्याचं हे समाधान विज्ञानातही तसंच फसवं असतं.

आता शोध कसा घ्यावा

माझ्या विद्यार्थ्यांना मी आता कुठलाही एकेरी शोध घेऊ देत नाही. मेश शीर्षक आणि मोकळे शब्द, दोन्ही ‘किंवा’ने जोडायचे. शास्त्रीय नावाची जुनी रूपंही टाकायची, वर्तनीचे दोन्ही प्रकार टाकायचे. पूर्वी हे कष्ट अजून इंडेक्स न झालेल्या ताज्या निबंधांसाठी घ्यायचो, आता ते इंडेक्स झालेल्यांसाठीही लागतात. प्राणी वगळणारी गाळणी विंचू, साप, गोचीड, कुत्रा अशा विषयांत लावण्याआधी ती काय काय गाळते आहे ते एकदा डोळ्यांखालून घालायचं. देशाची गाळणी फक्त मेशवर न ठेवता लेखकाच्या पत्त्यातही ‘इंडिया’ शोधायचं. आणि चांगला निबंध हाती आला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे आणि त्याचा हवाला देणाऱ्या निबंधांतून पुढे जायचं, कारण ती साखळी लेखकांनी बांधलेली असते आणि तिला शीर्षकं लागत नाहीत.

कोणत्या निबंधाचं इंडेक्सिंग कुणी केलं, हेही पाहता येतं, पण पबमेडच्या नेहमीच्या पानावर नाही. निबंधाची नोंद एक्सएमएल या संगणकासाठीच्या स्वरूपात उतरवून घेतली तर ‘इंडेक्सिंग मेथड’ या खुणेसमोर ‘ऑटोमेटेड’ किंवा माणसाने तपासलं असेल तर ‘क्युरेटेड’ लिहिलेलं असतं. ही माहिती साध्या वाचकाला दिसत नाही, हे मला पटत नाही. शीर्षकांशेजारी एक छोटी खूण दाखवायला काय हरकत आहे? औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात तितकं तरी इथे हवं.

लिहिणाऱ्यांनाही यात काही करता येण्याजोगं आहे. तालुक्याच्या गावात बसून निरीक्षणं लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरांनी गोषवाऱ्यात देश, जिल्हा, रुग्णांची संख्या, वय, स्त्री-पुरुष आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव लिहावंच. पत्र असेल तर निदान शीर्षकात ‘भारतातील मुलांमध्ये’ अशासारखे दोन शब्द यावेत. पूर्वी हे ओळखून घेणारा वाचक पलीकडे बसलेला होता.

खरी काळजी पुढची आहे. हे यंत्र जे काही जाणतं ते इंडेक्सरांनी दशकानुदशकं लावलेल्या शीर्षकांवरून. मेडलाइनमधल्या कोट्यवधी नोंदींमागे माणसाचं वाचन आहे, आणि २०२२ पासून त्या साठ्यात भर पडते आहे ती मुख्यतः यंत्राने लावलेल्या शीर्षकांची. पुढचं यंत्र याच साठ्यावरून शिकलं, तर आजची चूक उद्याचा धडा होईल. त्यासाठी थोडं का होईना, माणसाने मूळ निबंध वाचून केलेलं इंडेक्सिंग दरवर्षी ताजं येत राहायला हवं. निबंध निवडताना जनुकं आणि रसायनांच्या जोडीला गोषवारा नसलेली पत्रं, त्याच वर्षी आलेली नवी शीर्षकं, दुर्मीळ आजार आणि माणूस-प्राणी अशा दोन्ही खुणा लागाव्यात असे विषय आधी घ्यावेत. वर्षाला काही हजार निबंध असे वाचायचे म्हटले, तरी हे काम मोजक्या माणसांचं आहे, आणि ते करू शकणारे इंडेक्सर अजून आहेत.